दोराच्या टोकाची बाई

रस्सीखेचीत आठ जणींमध्ये जी सगळ्यात मागे, दोराच्या टोकाला उभी राहते, तिला आम्ही खुंटा म्हणायचो. मी सात वर्षं खुंटा होते. आता माझ्याकडे बघून कोणाला पटत नाही. गुडघे कुरकुरतात, जिना चढताना दोनदा थांबते, आणि नात मला औषधाच्या बाटलीचं झाकणसुद्धा स्वतः उघडून देते. मी देऊ देते, पोरीला बरं वाटतं. पण झाकण मला उघडता येतं, हे इथे सांगून ठेवते.

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखात्यात कामाला होते. तळघरासारखी लांबलचक खोली, एका बाजूला धुण्याची मोठी यंत्रं, दुसऱ्या बाजूला चादरी वाळवून इस्त्री करणारे गरम रूळ, मधे ढकलगाड्या. कोरडी चादर कोणीही उचलेल. ओल्या चादरींचा पिळा यंत्रातून बाहेर ओढून बघा, म्हणजे कळेल वजन काय चीज असते. दिवसाला सहाशे चादरी निघायच्या. रुळातून निघालेली चादर दोघींनी चार टोकं धरून, मागे रेलून, ताणून घडी घालायची. सोड्याने बोटांच्या रेघा पुसल्या गेल्या होत्या, पण दंड असे झाले होते की माझी आई म्हणायची, तुला बांगड्या भरायच्या तर बैलाच्या मापाच्या आणाव्या लागतील. आईचं बोलणं तसंच. प्रेमाने बोलली तरी टाके पडायचे.

दरवर्षी थंडी सरताना सगळ्या खात्यांचे खेळ व्हायचे. पुरुषांचे सामने आधी, आणि शेवटी, लोकांची करमणूक म्हणून, बायकांची रस्सीखेच. पहिल्या वर्षी लोक हसायलाच आले होते. बायका पडणार, पदर सुटणार, मजा येणार. मग आम्ही परिचारिकांना पंधरा सेकंदांत रेषेच्या अलीकडे आणलं, कारकून बायकांना त्याहून लवकर, आणि हसणारे गप्प झाले. आमच्या तोडीचं एकच खातं होतं, ते म्हणजे स्वयंपाकघर. त्या बायका दोन माणसं आत बसतील एवढी पातेली हलवायच्या. त्यांच्यापुढे आमची दोन वर्षं डाळ शिजली नाही.

आमच्या संघाला हाळी देणारी बाई म्हणजे इस्त्रीवरची मावशी. तिला सगळे भोंगा म्हणायचे, तोंडावरसुद्धा. यंत्रांच्या खडखडाटात तीस वर्षं बोलून तिचा आवाज असा झाला होता की ती कुजबुजली तरी वरच्या मजल्यावरचे रोगी जागे होत. ती बाजूला उभी राहून हाळी द्यायची, त्या हाळीवर आठ जणींनी एकदम श्वास घ्यायचा, एकदम मागे रेलायचं. डोळे पुढच्या बाईच्या मानेवर. इकडे तिकडे बघायचं नाही. खुंट्याचं काम आणखी वेगळं. त्याने दोर काखेखालून पाठीवर घ्यायचा, खांद्यावरून पुढे आणायचा आणि जमिनीत टाचा रोवून नुसतं राहायचं. बाकीच्या ओढतात, खुंटा राहतो. भोंगा म्हणायची, ओढणाऱ्या मिळतात गं पैशाला पासरी, राहणारी मिळत नाही.

आता त्याच्याबद्दल सांगते. रुग्णालयाची जाडजूड रजिस्टरं बांधायला एक बाइंडर यायचा. अंगाने काटकुळा, बोटं लांब, चिकटवायच्या खळीचा वास येणारी. बोलायला इतका गोड की आमचा मुकादमसुद्धा त्याच्याशी बोलताना खुर्ची पुढे करायचा. तो माझ्या प्रेमात पडला आणि मी त्याच्या. संध्याकाळी तो फाटकाशी उभा असायचा, माझी पिशवी घ्यायचा, घरापर्यंत चालत यायचा. आईला तो इतका आवडायचा की त्याला चहात साखर दोन चमचे आणि मला एक.

चांगला माणूस होता. हे मी पुन्हा पुन्हा सांगेन, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला नावं ठेवाल आणि ते मला खपणार नाही. त्याने माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, कधी हुकूम सोडला नाही. गरजच नव्हती. मीच सगळं नेऊन त्याच्या पुढ्यात ठेवायची. कुठल्या रंगाचं कापड घेऊ, मैत्रिणीकडे जाऊ का, पाळी बदलून घेऊ का. दुकानात चहा सांगायच्या आधी मी त्याच्या तोंडाकडे बघायची. त्याच्या कपाळावर आठी दिसली की माझा दिवस गेलाच म्हणून समजा. आणि गंमत बघा, मला हे प्रेमच वाटायचं. दिवसभर मणामणाने ओझी उचलणारी बाई मी, आणि स्वतःचं मन तेवढं दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळी.

तिसऱ्या वर्षी अंतिम सामना पुन्हा स्वयंपाकघराशी लागला. एक डाव त्यांनी घेतला, एक आम्ही. तिसरा डाव लांबला. दोर जागचा हलेना. माझ्या तळहाताची साल निघाली होती, दोराला रक्त लागलं होतं, पण ते मला नंतर कळलं, तेव्हा काही कळत नव्हतं. माझ्यापुढे ताडमाड होती. उंच म्हणून तिला ताडमाड म्हणायचो. रुळावर माझी जोडीदार, दोन मुलींची आई. तिच्या मानेवरचा तीळ मला दिसत होता, भोंग्याची हाळी ऐकू येत होती, आणि स्वयंपाकघरवाल्यांचे पाय सरकायला लागलेत हे दोरातून कळत होतं. आणखी दोन हाळ्या, की झालंच होतं.

तेवढ्यात बाजूने बाइंडरचा आवाज आला. "सोड! सोड तो दोर!"

आणि मी सोडला. मी सोडला असं म्हणते खरी, पण हातांनी सोडला, मला विचारलंसुद्धा नाही. मला कळलं तेव्हा दोर खांद्यावरून निसटला होता आणि पुढच्या सात जणी एकमेकींवर तोंडघशी पडल्या होत्या. ताडमाड मनगटावर पडली. हाड मोडलेलं मी ऐकलं. तिला धरायला पळायचं सोडून मी कुठे बघितलं असेल? त्याच्या तोंडाकडे. तो रागावला तर नाही ना, हे बघायला. त्या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

सहा आठवडे ताडमाडचा हात प्लास्टरमध्ये होता. मी रोज पहाटे तिच्या घरी जाऊन तिच्या मुलींच्या वेण्या घालायची. ती मला एका शब्दाने बोलली नाही, त्यामुळे मला जास्तच लागायचं. धाकटी मात्र रोज विचारायची, तू आईला का पाडलंस? मी म्हणायची, हलू नकोस, भांग वाकडा होतो.

बाइंडरने माझ्या तळहातांना मलम लावलं, पट्ट्या बांधल्या, आणि म्हणाला की आता हे रस्सीखेचीचं खूळ बंद कर. मीही मान हलवली. मला सोडायचंच होतं, तोंड कुठे दाखवणार होते? पण भोंगा घरी आली. आईने दिलेला चहा तिने बशीत ओतून संपवला, मिशा पुसाव्यात तसं तोंड पुसलं आणि शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात हळूच म्हणाली, "दोर सोडायचा तर खुशाल सोड. पण या वेळी तुझा तू सोड. परवा सुटला तो तू नव्हता सोडलास."

रात्रभर ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. सकाळी उठले तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती. स्वयंपाकघराला हरवणं वगैरे नंतर. कोणी कितीही मायेने ओरडलं तरी माझे हात माझं ऐकतील, एवढंच मला स्वतःला दाखवून द्यायचं होतं. हे जमलं नाही तर माझ्याजवळ माझं असं काय उरणार, या विचाराने मला खरंच भीती वाटली.

धुलाईखात्याच्या मागे एक लोखंडी तुळई होती, गाठोडी वर चढवायच्या कप्पीची. भोंग्याने तिच्यावरून दोर घेतला, एका टोकाला ओल्या चादरींचं गाठोडं टांगलं, दुसरं टोक माझ्या पाठीवर. रोज पाळीच्या आधी अर्धा तास मी तो भार घेऊन उभी राहायची आणि बाकीच्या माझ्या मागे उभ्या राहून ओरडायच्या. हा भोंग्याचा शोध. खुंटा हलवून बळकट करतात म्हणे, तसा ती मला हलवत होती. कोणी म्हणायचं आग लागली, कोणी म्हणायचं मुकादम आला, कोणी म्हणायचं तुझी आई पडली. आईचं ऐकून मी एकदा लटपटले, पण दोर सुटला नाही.

मग एक दिवस चिमणीने बाइंडरचा आवाज काढला. चिमणी आमच्यातली सगळ्यात लहान, नकला करण्यात पटाईत. हुबेहूब त्याच्यासारखं, थोडं नाकातून, काळजीने, "अगं, सोड ना," आणि गाठोडं धाडकन खाली. सगळ्या हसून हसून लोळल्या. मीही हसले. मग चादरींच्या वाळवणामागे जाऊन पोटभर रडले. आगीला न घाबरणारे माझे हात या एका नाकातल्या आवाजापुढे लोणी होत होते.

चिमणीला मी सांगितलं, रोज काढ तो आवाज. तिने काढला. दोन महिने गाठोडं रोज पडत होतं. नंतर एक दिवसाआड. मग एकदा ती म्हणाली, सोड ना गं, माझा जीव तुटतो, आणि माझी बोटं दोराला धरून राहिली.  भोंग्याने गाठोड्यात आणखी चार चादरी घातल्या.

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं फार सुंदर वर्ष होतं. अजून कधी पहाटे जाग आली की मला त्या मागच्या अंगणातला ओल्या कापडाचा आणि सोड्याचा वास येतो, आणि वाटतं, उठावं आणि जावं. मला भूक लागायची, खरी कडकडून भूक. झोप लागायची ती थेट सकाळ. चालताना पाय जमिनीला लागतात हे मला पहिल्यांदा कळलं. आणि कुठून कसं कोण जाणे, मी दुकानात आधी बोलायला लागले. एक चहा, कमी साखरेचा. कापड पिवळं घेतलं, तेही गडद. त्याला पिवळा आवडत नव्हता हे घरी आल्यावर आठवलं. त्याच्या कपाळावर आठी आली तरी मी जेवायची. तो म्हणाला, तू हल्ली मला काही विचारत नाहीस. मी म्हटलं, विचारते की, तू कसा आहेस ते रोज विचारते. त्याला ते रुचलं नाही. मला वाईट वाटलं, पण पूर्वीसारखा माझा दिवस त्यात गेला नाही. माझं त्याच्यावरचं प्रेम कमी झालं नव्हतं. उलट, आता तो मला नीट दिसायला लागला होता.

सामन्याच्या आठवड्यात लग्नाचं ठरायला आलं. आई आणि त्याचे मोठे भाऊ बोलून बसले होते, आमचा होकार तेवढा बाकी होता. त्याने मला सांगितलं की यंदाचा सामना खेळून घे, हौस फिटू दे, लग्नानंतर कुठे हे सगळं होणार आहे. मी म्हटलं, सामना होऊ दे, मग बोलू. तो म्हणाला, मी बघायला येणार आहे.

"ये," मी म्हटलं. "पण ओरडू नकोस."

"आणि तुला लागलं तर?"

"लागलं तर लागू दे."

त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. मला वाटलं रागावला. पण मग त्याने मान हलवली, म्हणाला, नाही ओरडणार, शब्द देतो. मला त्या वेळी त्याचा इतका लोभ आला की भर रस्त्यात मी त्याचा हात धरला.

सामना नेहमीसारखा तिसऱ्या डावावर गेला. ताडमाड माझ्यापुढे होती, मनगटाला पट्टी बांधून. मी दोर पाठीवर घेतला, टाचा रोवल्या. पहिल्या मिनिटाला आम्ही हातभर पुढे ओढल्या गेलो. माझ्या टाचांनी जमिनीत चर पडले. डोळ्यांपुढे अंधारी आली, खांदा निखळतोय असं वाटलं, आणि मनात कुठेतरी मी त्या आवाजाची वाट बघत होते. येऊ दे म्हटलं. आज येऊनच जाऊ दे. तो आला नाही. भोंग्याची हाळी आली, आणि आणखी एक, आणि मी राहिले. किती वेळ ते विचारू नका, लोक म्हणतात साडेतीन मिनिटं. मग पलीकडची एक घसरली, दुसरी घसरली, आणि अख्खं स्वयंपाकघर रेषेच्या अलीकडे आमच्या पायाशी आलं.

मला उचलायचा प्रयत्न झाला, पाच जणी लागल्या, तरी जमलं नाही. मी सगळ्यांच्या डोक्यांवरून त्याला शोधत होते. मला त्याने बघितलेलं बघायचं होतं. तेवढ्यात चिमणी धापा टाकत आली आणि म्हणाली, ताई, तुमच्या बाइंडरने कमाल केली. पूर्ण वेळ मैदानाकडे पाठ करून उभा होता. भिंतीकडे तोंड, कानांवर हात. बघून, ऐकून तोंडातून आवाज जाऊ नये म्हणून.

तो अजून तसाच उभा होता. शिपायाला विचारत होता, संपलं का?

बायका विरघळल्या. ताडमाडने डोळे पुसले. भोंगासुद्धा म्हणाली, एवढं प्रेम करणारा नशिबाने मिळतो. मीही म्हटलं, हो, खरंच केवढं प्रेम. आणि माझ्या आत काहीतरी थंड पडत गेलं. माझ्या आयुष्यातली ती साडेतीन मिनिटं. मुकादमाने बघितली, शिपायाने बघितली, हरलेल्या स्वयंपाकघरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या त्याने बघितली नाहीत.

घरी चालत जाताना त्याने माझी पिशवी घेतली. तो खूश होता, शब्द पाळला म्हणून. मी विचारलं, तू पाठ का फिरवलीस?

"तुला तसं बघवत नाही मला."

"तसं म्हणजे कसं?"

"लाल झालेली, दात-ओठ खाऊन... ती तू नसतेस गं."

"तीच मी असते," मी म्हटलं.

तो हसला. समजूत काढावी तसं म्हणाला, असू दे, आजच्यानंतर तसं व्हायचं कारणच नाही. मग माझ्याकडे बघून थांबला आणि विचारलं, मी काय करायला हवं होतं? नाही ओरडलो, तरी चुकलंच का?

"बघायचं होतं," मी म्हटलं.

 रस्त्यावरचे चार दिवे ओलांडले आम्ही. मी वाट बघत होते, खरंच बघत होते, तो म्हणेल पुढच्या वर्षी बघेन. एवढं म्हणाला असता तरी मी त्याच्याशी लग्न केलं असतं. तो म्हणाला, ते मला जमणार नाही. खोटं बोलला नाही, एवढा तो सरळ होता. मग मी माझी पिशवी त्याच्या हातातून घेतली आणि सांगितलं की लग्न मलाही जमणार नाही. शब्द सगळे नीट निघाले.

पुढचं सांगून टाकते. आई वर्षभर माझ्याशी घरातल्या कामापुरतं बोलली. हातचा मुलगा एका दोरापायी घालवलास, हे तिने मरेपर्यंत सोडलं नाही. त्याने दुसरीकडे लग्न केलं, पुढे मीही केलं, दोघांचंही बरं चाललं. रजिस्टरं बांधायला तो आणखी कितीतरी वर्षं यायचा. दिसला की विचारायचा, हात बरे आहेत ना? मी म्हणायची, आहेत. त्याची पाठमोरी आकृती फाटकाकडच्या लांब वाटेवर लहान होत जाताना मी दर वेळी बघायची, आणि दर वेळी आत काहीतरी हलायचं. आजही हलतं. खोटं कशाला बोलू?

पण त्या संध्याकाळचं राहिलंच. मी घरी गेले, हातपाय धुतले. आईला अजून काही माहीत नव्हतं, तिने ताट वाढलं. मला वाटत होतं घास उतरणार नाही. पण इतकी भूक लागली होती की मी तीन वेळा वाढून घेतलं आणि ताट पुसून खाल्लं. मग आतल्या खोलीत जाऊन, दार लावून, रडले. आधी जेवले, मग रडले.